बक्षिसाचं बाळ

काचेच्या नळीतलं निळं औषध स्पिरिटच्या दिव्यावर आधी हिरवं झालं, मग पिवळं आणि शेवटी विटेसारखं लाल. त्यात माझ्या लघवीचे थेंब होते. "साखर आहे, आणि बरीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. जेस्टेशनल डायबेटिस, म्हणजे गरोदरपणात होणारा मधुमेह.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. दुसऱ्या खेपेचा सातवा महिना होता आणि आम्ही नाचणगावहून वर्ध्याला दाखवायला आलो होतो.

"पहिलं मूल जन्मलं तेव्हा केवढं होतं?" बाईंनी विचारलं.

मी तोऱ्यात सांगितलं, "साडेनऊ पौंडांची मुलगी! वर्षाची असताना सुदृढ बालक स्पर्धेत पहिली आली." वाटलं, बाई कौतुक करतील.

त्या म्हणाल्या, "तेव्हाही साखर असावी. कुणी तपासली नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळाला मिळते आणि त्याच्या अंगावर चरबी चढते. असं बाळ मोठं दिसतं, पण मोठं म्हणजे निरोगी नव्हे. "पुढेही अशा मुलांचं वजन वाढतं, असं आता दिसू लागलंय. पक्कं सांगत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

थोरलीच्या, नंदाच्या वेळचं सगळं मला आठवलं. घसा सारखा कोरडा पडायचा, पण वैशाखात आमच्याकडे कुणाला तहान लागत नाही? रात्री चार वेळा उठायची, तर बाया म्हणत, दिवस गेले की असंच होतं. गोडाचे डोहाळे लागले होते. सासूबाई प्रेमानं शिऱ्याची वाटी पुढे करत. "दोन जिवाची हायेस, खाय पोटभर. डोहाये नाई पुरवले तं लेकराची लाळ गळते." मीही आडवा हात मारला. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला होता, मरता मरता वाचलो दोघी. तरी घरात पेढे वाटले ते वजनाचे!

आता नंदा नऊ वर्षांची होती. शाळेत पोरं तिला 'भोपळा' म्हणत. घरात दिराच्या पोरांना आग्रह करकरून वाढायचं आणि नंदापाशी आलं की हात आखडायचा. सासूबाई म्हणत, "कमी खाय, कोन करन तुयाशी लगन?" मीही तिला खादाड म्हणायची. ती चुलीमागे बसून भाकर खायची. पकडली की मार.

मला इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं औषध. फ्रिज कुठला, बाटली ओल्या मडक्यात ठेवायची. गूळ-साखर बंद, भाकर मोजकी, वरण-भाजी जास्त. सासूबाई कपाळाला हात लावत, "लेकरू वाळून जाईन!" मुलगा झाला तो बेताच्या वजनाचा, ठणठणीत.

टाके काढायला गेले तेव्हा नंदाबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, "तिला उपाशी ठेवू नका, वेगळं ताट करू नका. सगळं घर एकच साधं जेवेल असं बघा. तिला खेळू द्या. आणि तिला टोचून बोलणं थांबवा."

घरी येऊन नंदाला जवळ बसवलं. माझ्या पोटात असतानाच हे सुरू झालं असेल, तुझा दोष नाही, असं सांगितलं. तिनं विचारलं,

"मंग मले सगळे काऊन बोलत होते?"

मी रडले. ती नाही रडली.

नंदा पुढे बारीक झाली असं सांगितलं तर खोटं होईल. बायांनो, मूल दांडगं झालं म्हणून हुरळू नका. साखर तपासून घ्या, पुढच्या खेपेला तर नक्कीच. आणि पोरीच्या ताटाकडे बघण्याआधी स्वतःच्या गरोदरपणात काय झालं ते आठवा. मला हे विचारणारी बाई भेटली, तिचे उपकार फिटायचे नाहीत. ती नऊ वर्षं आधी भेटायला हवी होती.

त्या हिवाळ्यात एका रात्री सगळे जेवत होते. नंदा खाली मान घालून म्हणाली, "आई, मले अर्धी भाकर अजून वाढ."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच उठून तिला भाकर वाढली. माझ्या पोरीनं त्या घरात पहिल्यांदा मागून खाल्लं.