सैल झालेलं पीठ

बँकॉकहून परत आल्यावर परभणीत जो तो विचारायचा, "काय काय बघितलं?" मी म्हणायचे, "विचारू नका." लोकांना वाटायचं, बाई विमानात बसून आल्या, डोक्यात हवा गेली. वाटू दे. माझ्या डोक्यात जे गेलं होतं ते अजून उतरलेलं नाही आणि उतरावं अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही तिघी मुलींच्या एकाच शाळेत शिकवायचो. एकीचं माहेर जिंतूरकडचं, एकीचं सेलूचं, माझं मानवतजवळच्या खेड्यातलं. त्यामुळं आमच्यात नावं कुणी घेतच नव्हतं. जिंतूरची, सेलूची आणि मानवतची. जिंतूरची शांत, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सेलूची तोंडाची फटकळ, मुख्याध्यापकांनाही ऐकवायला कमी करायची नाही. मी रागीट. शाळेत मुली आम्हाला लांबून येताना बघूनच ओळखायच्या, कारण तिघी कायम एकत्र.

त्या दोघी जमीनजुमला असलेल्या घरातल्या, मी बौद्ध. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आमच्यात ते कधी आडवं आलं नाही, असं मी समजून चालले होते. विद्यापीठाच्या नामांतराची दंगल झाली तेव्हा मी शिकत होते. आमच्या वस्तीतली छपरं पेटली, आई-बाबा रात्रभर तुरीच्या शेतात बसून राहिले. ते मी त्या दोघींना सांगितलं होतं. पुढं स्टाफरूममध्ये नामांतराचा विषय निघाला आणि मी आत गेले की बाकीचे लगेच हवापाण्याचं बोलायला लागायचे. सेलूची मात्र मोठ्यानं म्हणायची, "दिलं एखादं नाव तर कुणाच्या बापाचं काय जायलंय?" तेवढ्या एका वाक्यासाठी मी तिच्यावर जीव टाकायचे.

नामांतर अजून व्हायचं होतं, त्या सुमाराची ही सहल. सेलूचे एक कापसाच्या जिनिंगवाले गृहस्थ दरवर्षी ओळखीपाळखीच्या माणसांना कुठं कुठं फिरवून आणायचे. त्यांना सगळे काका म्हणत. त्या वर्षी काकांनी थेट बँकॉक काढलं. आम्ही तिघींनी ठरवलं, जायचंच. नवरे नकोत, पोरं नकोत, आपण तिघी. तिघींपैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. हात धरून एकदमच पाण्यात उतरायचं, कुणी आधी उतरायचं नाही, असं सेलूचीनं आमच्याकडून वदवून घेतलं होतं. बाबांना तर भलताच आनंद झाला. ते म्हणाले, "बुद्धाचा देश हाय तो. तिथं तू कोन म्हनून कुनी इचारनार न्हाई."

बाबांचं बरोबर होतं. तिथल्या कुणीच विचारलं नाही.

काकांनी सोबत आचारी घेतला होता, पिठाचे डबे घेतले होते, परात, पोळपाट, लाटणी, लोणच्याच्या बरण्या, सगळं. परक्या मुलखात कुणाच्या हातचं खायचं नाही, असा त्यांचा नेम. हॉटेलचा मालक आपल्याकडचाच, पंजाबी, त्यानं मागची एक खोली स्वयंपाकाला दिली होती. पहिल्या दिवशी आम्ही मोठ्या देवळात गेलो. आडवा पहुडलेला सोन्याचा बुद्ध, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही. माझे डोळे भरून आले. काकांनी तर साष्टांग नमस्कार घातला आणि उठून सगळ्यांना समजावून सांगितलं, "विष्णूचाच अवतार हाय हा." मी मनात म्हटलं, हात जोडतोय ना माणूस, जोडू दे.

त्याच दिवशी संध्याकाळी आचारी न्हाणीघरात पाय घसरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायचं होतं, बोटीनं बेटावर. दिवसभराचा डबा लागणार होता. सकाळी काकांनी सगळ्यांना स्वयंपाकाच्या खोलीपाशी बोलावलं आणि हसत म्हणाले, "चला बायांनो, आपलंच घरचं काम हाय. तासाभरात हातावेगळं करू." पुरुष मंडळी चहा घेत बाहेर उभी राहिली. सात समुद्र ओलांडून गेलं तरी पोळपाट काही बायकांचा पिच्छा सोडत नाही, याचाच आधी मला संताप आला. पोळ्या लाटायचा मला पहिल्यापासून कंटाळा. तरी पदर खोचला. तिघी मिळून करू, गप्पा मारत होऊन जाईल.

काका माझ्याकडं वळले. आवाज अगदी मऊ. "बाई, तुमी कशाला तरास घ्यायलाव? तुमी बसमधी जाऊन बसा. जागा धरा मंडळींसाठी."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि अंगातून आग गेली. मी दोघींकडं पाहिलं. त्यांनाही कळलं होतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सेलूची हसली आणि म्हणाली, "बरं झालं, सुटलीस तू! खिडकीची जागा धर आमच्यासाठी."

सुटलीस! दहा वर्षं जिचं पोरगं मी स्वतःच्या पोरासारखं सांभाळलं, जिच्या बाळंतपणात मी डिंकाचे लाडू करून नेले आणि तिनं ते चाटूनपुसून खाल्ले, ती मला म्हणते सुटलीस. माझ्या हातच्या लाडवांनी तिला कधी बाधलं नाही. मग आजच काय झालं? आज बघणारे होते, एवढंच झालं होतं.

मी काकांना सगळ्यांसमोर विचारलं, "मलाच का जागा धरायला लावताय? कारण सांगा."

"गैरसमज करून घेऊ नका, बाई. माझं काय न्हाई. पर मंडळीत जुनी मानसं हायत, त्येंचं सोवळंओवळं..."

"काल बुद्धासमोर लोटांगण घातलंत ना?"

काका पिठाचे डबे मोजायला लागले. एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या भिंतीकडं बघायला लागल्या. सेलूची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "इथं कशाला तमाशा करायलीस? घरी गेल्यावर बोलू ना." नामांतरावर मुख्याध्यापकांना ऐकवणारी बाई ती. तिचं तोंड फक्त तिथं चालायचं, जिथं तिचं काही जात नव्हतं. हे मला त्या खोलीच्या दारात समजलं.

मी नळावर गेले, कोपरापर्यंत हात धुतले आणि परातीपुढं बसले. जिंतूरचीनं पिठात पाणी घातलेलं होतं. तिच्या हातातून मी परात ओढून घेतली आणि मळायला लागले. मी इतकं छान पीठ कधी घरीसुद्धा मळलं नसेल. तेलाचा हात लावला, मुठीनं तिंबलं, गोळा करून झाकून ठेवलं. मनात म्हटलं, आता या दोघींपैकी एकीनं फक्त एवढं करावं. त्यातला उंडा तोडावा आणि लाटायला घ्यावा. बोलू नका काही, भांडू नका, फक्त लाटायला घ्या.

काकांनी जिंतूरचीला बाहेर बोलावलं. बोलणं ऐकू आलं नाही. ती परत आली, झाकण काढलं, पिठाला बोट लावलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सैल झालंय गं पीठ. दुसरं घेते."

पीठ सैल नव्हतं. तिनं तो सगळा गोळा उचलला आणि हॉटेलच्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. परात घासली. दोनदा घासली. मग नव्या डब्यातलं पीठ घेतलं. सेलूची तिच्या शेजारी बसून पोळपाट पुसत राहिली.

मी उठून बसमध्ये जाऊन बसले. खोलीत कोंडून घेऊन रडत बसावं, असं आधी वाटलं होतं, पण समुद्र काही काकांनी परभणीहून बांधून आणलेला नव्हता. खिडकीशी बसले. शेजारच्या दोन्ही जागा कुणासाठीही धरल्या नाहीत. त्या दोघी मागं कुठंतरी बसल्या.

बेटावर उतरल्यावर मी थांबले नाही. चपला काढल्या आणि साडी पाण्यात भिजेल की काय याची फिकीर न करता सरळ चालत गेले, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. हिरवं, कोमट पाणी. मागून सेलूचीनं हाक मारली, "अगं थांब, ठरलं होतं ना आपलं!" मी वळलेसुद्धा नाही. काय काय ठरलं होतं आपलं? मला इतका राग आला होता की समुद्र चांगला आहे की वाईट, हेही कळेना. पहिल्यांदा बघत होते तो. तोही यांनी नासवला.

बाहेर येऊन वाळूत बसले होते. बाकीची मंडळी लांब झाडाखाली जेवत होती. जिंतूरची एकटीच आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं.

"तुझ्यासाठी चार पोळ्या बाजूला काढल्यात. सकाळपासून उपाशी हायेस."

मी विचारलं, "कुठल्या पिठाच्या?"

ती खालीच बसली. डोळे लाल झालेले होते. मला तिची दया आली नाही. वाळूत बोटं फिरवत ती म्हणाली, "समजून घे ना गं. तुझं काय, तू बोलून मोकळी होतीस. मला परत जाऊन त्याच लोकांत राहायचंय."

"आणि मी कुठं राहते?" मी म्हणाले.

तिनं चमकून माझ्याकडं पाहिलं. खरंच, अगदी खरंच, तिनं आजवर तो विचार केलेला नव्हता.