गोदाबाईंच्या घरावरचा मजला

गोदाबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. दुधात बोट बुडवल्याशिवाय त्या दूधवाल्याला पुढं जाऊ देत नसत, आणि प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगून मग तोंडात टाकत. "देवीवर भरोसा आहे माया, हलवायावर नाई," असं सरळ सांगत. तेल्हाऱ्याहून लग्न होऊन अमरावतीत आल्या त्या भाड्याच्या खोलीत. पुढं खोल्या बदलल्या, घरमालकिणी बदलल्या. परक्या नळावर आपली पाळी राखता राखता माणूस असाच होतो.

आता कुठं शहराबाहेर स्वतःचा प्लॉट झाला होता. त्यांच्या यजमानांनी, खुशालरावांनी, बैठ्या घराचा नकाशा करून आणला होता आणि पाडव्याला पाया खणायचा होता. मुलगा कुलदीप, सून रागिणी, सगळे एका छपराखाली, एका चुलीवर. देवीपाशी गोदाबाईंचं एवढंच मागणं होतं.

देवीचा ओटा टेकडीवर आहे. वर झाड नाही, सावली नाही, नुसता मुरूम आणि वाळलेलं कुसळी गवत. पण माथ्यावरून सगळं शहर ताटात वाढल्यासारखं दिसतं, म्हणून पहाटेपासून माणसांची रीघ असते. ज्याला घर हवं तो ओट्यामागं दगडावर दगड ठेवून घर मांडतो आणि खरं घर होईस्तोवर ते पडू देत नाही. गोदाबाईंनीही मांडलं. भिंतींचे दगड, वर एक चपटी फरशी. रोज सकाळी शेजारच्या निखतबरोबर चढून त्या ते पाहून येत. निखतला डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं.

एका सकाळी घरावर दुसरा मजला उभा होता. दोन बारके दगड, वर एक खापरी.

गोदाबाईंनी तो उतरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच.

"नवस माया, अन् माडी भलत्याची," त्या म्हणाल्या. "कोणीतरी आयतं बसून राहिलं मायावर."

"पोट्टे असतीन," निखत धापा टाकत म्हणाली.

"पोट्टे पाडतात, रचत नाईत." गोदाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "तू तं नाई ना?"

"मी? मायावाले टीन दर वादळात उडून जातात, बाई. मले मजला पायजे असता तं आधी तिकडं नसता चढवला?"

तरी त्या दिवशी उतरताना गोदाबाई नजर ठेवत तिच्या मागंच राहिल्या.

मग शनिवारी कपडे धुताना रागिणीच्या सलवारीच्या काठाला कुसळं सापडली. रागिणी कापडाच्या दुकानात कामाला होती. हल्ली अंधार पडल्यावर घरी येई, ऑटो मिळत नाही म्हणे. पण डांबरी रस्त्यावर कुसळ कुठलं? गोदाबाईंचा हात साबणावरच थांबला. संध्याकाळी टेकडीवर जोडपी बसतात, हे कोणाला माहीत नव्हतं! त्या कुलदीपला बोलल्या नाहीत, निखतलाही नाही. सोमवारी ऊन उतरल्यावर उदबत्तीचा पुडा घेतला आणि एकट्याच चढल्या.

ओट्यामागं रागिणी एकटीच वाकून बसली होती. बाजूला तिची दुकानाची पिशवी, हातात खापरी.

गोदाबाईंना आधी हायसं वाटलं, आणि लगोलग राग आला.

"म्या सकाळी काढते, तू संध्याकाळी लावते. काहून?"

रागिणीनं खापरी खाली ठेवली नाही. "मले वर एक खोली पायजे, आई. अन् एक चूल. ह्यायले म्हटलं, तं म्हणतात नकाशा झाला, आईजवळ विषय काढू नको. मंग देवीले सांगून राहिली."

"येगळं राहाचं तं येगळं घर मांडावं. इथं का जागा कमी आहे?"

"येगळं नाई पायजे. तुमच्याच वरतं पायजे." तिनं खापरीवरची माती पुसली. "मी चहा केला की तुमी साखरेचा डबा उघडून पाहता. भाजी टाकली की तेलाची बरणी. रोज. मले एक डबा असा पायजे, जो माया माघारी कोणी उघडणार नाई."

खाली शहरात एकेक दिवा लागत होता. गोदाबाईंना पहिली घरमालकीण आठवली, खिडकीतून त्यांच्या बादल्या मोजणारी. तिच्या नावानं किती बोटं मोडली होती! तिला त्या कधी विसरल्या नव्हत्या, पण आज आपलंच तोंड तिच्यासारखं दिसत असेल, असं त्यांना वाटलं.

त्यांनी बसकण मारली आणि वरचा दगड हलवून पाहिला.

"डुगडुगते हा. खालतं दगडाची चिप लाव."

रागिणीनं चिप शोधली. मजला नीट बसला. गोदाबाईंनी उदबत्ती लावली, हात जोडले आणि म्हणाल्या, "आज सांगते मी ह्यायले, नकाशा बदलवा म्हणून. पण जिना आतून."

"आतून काहून?"

"बाहेरून असला तं कोण आलं, कोण गेलं, मले कसं समजीन?"

रागिणी हसू दाबत उठली आणि सासूला हात दिला. अर्ध्या उतारावर गोदाबाई थांबल्या.

"अन् ते ऑटो मिळत नाई म्हणे, ते?"

"खोटं होतं, आई."

"समजलंच होतं मले," गोदाबाई म्हणाल्या, आणि तिच्या काठाला चिकटलेलं एक कुसळ उपटून वाऱ्यावर सोडून दिलं.