आधी चढून पाहा

दीदींनी काळ्या कोटाखाली पदर खोचला, की समजावं, आता कुठल्या तरी ट्रकवर चढाई आहे. साठीच्या बाई, गुडघे कुरकुरणारे. पण देवळाबाहेर काढाव्या तशा चपला काढून सरसर वर जात. ‘आधी चढून पाहा, मग बोला,’ एवढंच त्यांचं वकिलीशास्त्र.

जबलपूरच्या कोर्टात तुमचं कधी जाणं झालं असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. ट्रकखाली सापडलेल्यांसाठी त्या लढत, मी विमा कंपनीसाठी. म्हणजे त्या जिंकत आणि मी त्यांच्याच डब्यातली थालीपीठं खाऊन दुःख विसरत असे.

एकदा खमरियाच्या शाळेत शिकवणारी एक मुलगी घमापुरातून सायकलने जात होती. शेजारचा ट्रक डावीकडे वळला आणि तिचा पाय चाकाखाली आला. ड्रायव्हर शपथेवर म्हणाला, सायकल मला स्वच्छ दिसत होती, तीच लडखडत येऊन धडकली. मीही तेच रेटत होतो. ती बिचारी दीदींना रोज विचारायची, “काकू, माझीच तर चूक नाही ना?” भरपाईपेक्षा तिला हेच उत्तर हवं होतं.

“रडून काहून राहिली? साहेबांनाच विचारू,” दीदी म्हणाल्या, आणि त्यांनी तोच ट्रक जज्जसाहेबांना दाखवायची परवानगी मिळवली.

ट्रक आवारात आला तो नवरीसारखा नटून. काचेवर झालर, माळा, गोंडे. डाव्या आरशाला लाल चुनरी गुंडाळलेली. ड्रायव्हरची नजर अडेल असं काही लावू नये, हा साधा नियम. मी लगेच हरकत घेतली, की ही सजावट आजची आहे, अपघाताच्या दिवशी नव्हती. ट्रकच्या मालकाला ते फार लागलं. एक गोंडा हातात धरून तो म्हणाला,

“आज की? वकील साहब, नई आई थी तब से ऐसी ही है! एक फुंदना तक नहीं उतारा!”

हा मालक माझ्या बाजूचा, बरं का. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग स्टूल आलं. दोन शिपायांनी खालून रेटा दिला आणि साहेब वर पोचले. आधाराला हात टाकला तो नेमका हॉर्नवर. चहावाला किटली टाकून पळाला.

“वकील साहिबा, कहाँ हैं आप?”

“यहीं हूँ, साहब. आपके बायें.”

“दिख नहीं रहीं!”

दिसणार कशा? दीदी चक्क सायकलवर बसल्या होत्या, एक पाय जमिनीला टेकवून, आणि घंटी वाजवत होत्या. ट्रिंग ट्रिंग! नंतर मलाही वर चढवलं. चुनरी दिसली, गोंडे दिसले, दीदी काही दिसेनात. “नहीं दिख रहीं,” मी कबूल केलं.

दीदी सायकलवरूनच त्या मुलीला म्हणाल्या, “ऐकलंस? आता तर समोरचा वकीलही सांगून राहिला. तुझी चूक नव्हती, बेटा.” कुबड्यांवर उभी ती मुलगी इतकी हसली, इतकी हसली, की डोळे पुसायला तिला हातच मोकळा नव्हता. मीच रुमाल पुढे केला.

गेल्या हिवाळ्यात दीदी गेल्या. त्यांच्यावर माझा फार जीव होता.

परवा मझौलीच्या एका अपघातात आमच्या कंपनीचा नवा अधिकारी सायकलवाल्यालाच दोष देत होता. त्याला दीदींचं वाक्य ऐकवलं, ट्रकवर चढवलं आणि मी डावीकडे चाकाशी जाऊन उभा राहिलो. वरून आवाज आला, “वकील साहब, कहाँ हैं आप?”

“यहीं हूँ, साहब. आपके बायें,” मी दीदींसारखंच म्हणालो. घंटी आणायची मात्र राहूनच गेली होती.