हाशमसाहेब आणि घंटेचे उत्तर

आदरणीय सय्यद हाशमसाहेबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आरोपी होतो. गौरवग्रंथात असे लिहावे का, म्हणून संपादकांना विचारले. ते म्हणाले, "लिहा. साहेबांना खरे तेच आवडते."

वैजापूरच्या एका जिनिंग कारखान्यात मी इंजिन चालवीत असे. दुपारच्या सुटीनंतर इंजिन सुरू करण्याआधी घंटा द्यायची, असा रिवाज. एके दिवशी मी घंटा देऊन इंजिन सुरू केले आणि भिका नावाच्या गड्याचा हात यंत्रात सापडला. दोन बोटे गेली. संध्याकाळी मुकादमांनी सगळ्यांना अंगणात उभे करून एकच बोल पाठ करवला : घंटा झालीच नाही. माझी नोकरी गेल्यात जमा होती, आणि घरची चूल माझ्या एकट्याच्या हातावर.

चौकशीला मालकांच्या औरंगाबादच्या कचेरीतून हाशमसाहेब आले. मुकादमांनी मेज मांडले होते, साक्षीदार रांगेत उभे केले होते. साहेबांनी आधी मेज उचलायला लावले. म्हणाले, "एकमेकांच्या तोंडाकडं बघून कुणी बोलायचं नाय. ज्याची जागा जिथं, तिथं मीच येतो." मग एकेकापाशी जाऊन सरकीच्या पोत्यावर बसले. घंटेचे नावसुद्धा काढीनात! मला वाटले, संपलो.

यंत्रात कापूस घालणाऱ्या गंगूबाईंनी साहेबांशी झालेला सवालजबाब पुढे मला कितीदा ऐकवला आहे.

"बाई, इंजिन सुरू झालं तवा हातात काय होतं?"

"टोपली. दुसरं काय असणार, हार?"

"आणि तोंडावर पदर?"

"व्हय तर! आधीच बांधला व्हता. नाय तर नाकात रुई जाती."

"आधी म्हणजे कधी?"

"रोजच्यावानीच की. घंटा झाली का बांधायचा..."

बाई थबकल्या. साहेबांनी घाई केली नाही. शेवटी बाईंनीच विचारले, "आता माझी रोजी जाती का, साहेब?"

"खरं बोलल्यानं जायची असंल, तर पहिली माझी जाईल."

बाकीच्या बायांचेही पदर वेळेवर बांधलेले निघाले. मग साहेब भिकाच्या घरी गेले. त्याच्या हाताची पट्टी बदलून होईपर्यंत त्यांनी एक सवाल केला नाही. भिका म्हणाला, अडकलेला कापूस काढायला मुकादमांनीच पाठवले होते. गठ्ठ्यांच्या थप्पीमागे घंटा ऐकूच आली नाही.

मी मान ताठ करून उभा राहिलो. साहेबांनी मला बोलावले.

"घंटा दिलीत, कबूल. उत्तर आलं का?"

"कुणाचं उत्तर, साहेब?"

"आत माणसं होती ना?"

मान आपोआप खाली गेली. साहेब जबाब उर्दूत लिहीत, कचेरीची भाषाच ती. पण अंगठा घेण्याआधी प्रत्येकाला मराठीत वाचून दाखवीत. माझ्या जबाबात 'घंटा दिली' होते, आणि 'वाट पाहिली नाही' हेही होते. दोन्ही खरे होते. मी अंगठा केला. नोकरी राहिली. अक्षरे गिरवायला लागलो ते त्याच आठवड्यापासून, साहेबांनी धाडलेल्या पाटीवर.

तेव्हापासून त्या कारखान्यात नवा रिवाज पडला. घंटा झाली की प्रत्येक यंत्रामागून "व्हय!" अशी हाक यायची; शेवटची हाक येईपर्यंत इंजिनाचा पट्टा हलायचा नाही. घंटेवर साहेबांनी भिकालाच नेमायला लावले. मी होतो तोवर पुन्हा कुणाचे बोट गेले नाही.

आज साहेब साठ वर्षांचे झाले. त्यांची नजर शाबूत राहो, गुडघे ताठ राहोत, आणि पोत्यावर बसून माणसाचे ऐकून घेण्याचा सब्र त्यांना शंभरीपर्यंत पुरो. साहेब, या ग्रंथाच्या रूपाने आम्ही सगळ्यांनी मिळून ही घंटा दिली आहे. दरसाल याच दिवशी देणार आहोत. तुमचे "व्हय" ऐकल्याशिवाय इथला पट्टा हलायचा नाही.