वांगणीपलीकडची जीप

अंबरनाथ पूर्वेच्या गॅरेजातला तो मेकॅनिक दोन वर्षं आफ्रिकेत होता. तिथे पर्यटकांच्या जीपगाड्या तो वाळवंटातून, रानातून वाट काढत न्यायचा. बोलायचा हळू, गाडीला समजावल्यासारखा.

अर्धांगवायूनंतर माझ्या वडिलांची वाचा गेली होती. मला त्यांना वांगणीपलीकडचं आमचं शेत दाखवायचं होतं, पण तिथवर रस्ताच नव्हता. मेकॅनिकने जीपच्या टायरांतली हवा कमी केली आणि त्यांना पुढे बसवलं. दगडांतून जीप डुलत निघाली, तसा तो म्हणाला, "बाबा, हत्ती आडवा आला तर सांगा हां."

बांधाजवळ वाटेत एक म्हैस उभी होती. वडिलांनी हात उचलला आणि तीन महिन्यांनी पहिला शब्द काढला, "हत्ती."

त्याने ब्रेक दाबला. तो हसला नाही.

"बरोबर, बाबा. त्याला आधी जाऊ देऊ."