चिंचोक्यांचा पोकर

माझा साडू मलकापूरला कापसाचा व्यापार करतो आणि मला तो पहिल्या भेटीपासून आवडत नाही. सासुरवाडीही मलकापूरलाच. सणावाराला आम्ही अमडापूरहून तिथं गेलो की जेवणानंतर तो पोकर मांडायचा. पैसे नाहीत, चिंचोके लावायचे. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे एकेक करत पाच उघडी, ज्याचा मेळ भारी तो जिंकला. दर पानाला समोरच्यानं लावलं तेवढे चिंचोके आपणही लावायचे, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा.

मी दरवेळी हरायचो. हरण्याचं काही नाही, पण एकदा सासऱ्यांसमोर, माझे चिंचोके स्वतःकडे ओढत, तो म्हणाला, "मास्तर, तुमाले पत्ते समजत नाहीत. शाळेतली पोरं कशी समजत असतील?" सगळे हसले. माझी बायकोही हसली.

घरी येऊन मी मोबाईलवर सरावाचे डाव शोधले. तुमच्या हातात ही दोन पानं, समोरच्यानं एवढं लावलं, आता काय कराल? उत्तर खाली असायचं. ते तळहातानं झाकून मी आधी माझा निर्णय वहीत लिहायचो, कारणासकट. शाळा सुटल्यावर रोज दहा डाव. बायको म्हणाली, जुगाराची शिकवणी लावली काय.

पहिले काही आठवडे वही लाल शेऱ्यांनी भरली. मग मागची पानं सलग वाचली तेव्हा दिसलं की माझी चूक एकच होती. मी पत्ते टाकतच नव्हतो. समोरच्याकडे काय आहे हे बघितल्याशिवाय मला राहवत नव्हतं, आणि ते बघण्यासाठी हातातलं सगळं घालवत होतो. साडू हुशार नव्हता, मीच त्याला जिंकवत होतो. हे कळल्यावर मला त्याचा आणखीच राग आला.

पुढच्या वेळी मी डावामागून डाव टाकत बसलो. साडू चिडवत राहिला, "काऊन, भेले काय मास्तर?" मी त्याच्याकडे बघत होतो. एखाद्या पानाची वाट बघत असला की तो गप्प व्हायचा, जेवढ्यास तेवढं लावायचा. हाती आधीच काही असलं की पहिल्यापासून जोर करायचा.

मग मला दोन नव्व्या आल्या. मधे राणी, सत्ती आणि तिसरी नव्वी उघडली. साडूनं पहिल्यापासून भरभरून लावलं होतं. चौथं पान दुर्री. पाचवं बदामाचं निघालं. राणी आणि सत्तीही बदामाच्याच होत्या. त्याच्या हातात दोन बदाम असते तर त्याचे पाच बदाम जमून माझ्या तीन नव्व्या मेल्या असत्या. त्यानं सगळे चिंचोके पुढे ढकलले.

पण बदामाची वाट बघणारा साडू गप्प बसला असता. मी माझेही सगळे लावले. त्याच्याकडे एक्का आणि एक राणी होती, म्हणजे नुसती राण्यांची जोडी.

"पत्त्यावर खुणा केल्या तुमी," तो म्हणाला.

सासरे म्हणाले, पत्ते तर तुमचेच आहेत. त्यानं बाजारातून पत्त्यांचा नवा जोड आणवला. त्यावरही तो हरला, तेव्हा जोड फाडून उठला आणि चहा न घेता निघून गेला.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "एवढं काय अडलं होतं तुमचं? माह्या बहिणीचं घर आपल्याले तुटलं ना."

मी म्हणालो, "तू हसली होतीस त्या दिवशी."

त्या डावालाही दोन वर्षं झाली. साडू लग्नकार्यात भेटला तरी तोंड फिरवतो, आणि बायकोला बहिणीकडे एकटीनं जावं लागतं. तिच्यासाठी वाईट वाटतं कधी कधी. त्याच्यासाठी अजिबात नाही.