टोपीची आतली बाजू

श्री. यादवरावजी रामटेके यांचा आणि माझा परिचय माझ्या रागातून झाला, हे त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात प्रारंभीच नमूद करणे मला उचित वाटते.

रायपुरात मी दंतवैद्यकाचा व्यवसाय नुकताच आरंभला होता. रेल्वे वसाहतीतील मालतीबाई गजभिये यांच्या दाढेवर मी बसवलेली धातूची टोपी दोनदा निघाली. “आता निघाली तं दाढच उपटून टाका,” असे त्यांनी बजावले. दाढ वाचवण्याची आता एकच संधी उरली होती. ती टोपी यादवरावांनी घडवलेली होती. मी ब्राह्मणपारा वस्तीतील त्यांच्या दातांच्या कार्यशाळेत गेलो आणि काम सदोष असल्याचे सुनावले.

त्यांनी टोपी भिंगाखाली धरली. “डॉक्टरसाहेब, आतून कोनं घासली?”

“मी. फारच मळकट दिसत होती.”

“हव! अजी, बाहेरून चमकवाची, जिभेले टोचू नाही म्हणून. आतून मी मुद्दाम खरखरीत ठेवतो, सिमेंटले पकडाले. तुम्ही तं आरसा करून टाकला! काठही झिजवला.”

नीटनेटकेपणाच्या हौसेपायी मीच ती सैल केली होती.

यादवरावांनी नवी टोपी ओतली. काठाशी येताच घासणारे रबरी चाक त्यांनी इतके हलके टेकवले की मी श्वास रोखून पाहत राहिलो. दाढेच्या साच्यावर बसवलेल्या टोपीचा काठ नखाला लागेनासा होताच ते थांबले. मग ते स्वतः माझ्या दवाखान्यात आले. मालतीबाईंनी टोपी निघण्याचे कारण विचारताच, मी तोंड उघडण्यापूर्वी ते म्हणाले, “बाई, चूक माह्या हातून झाली.”

माझी चूक स्वतःवर का घेतली, असा नंतर मी त्यांना जाब विचारला. “तुमची पाटी नवी हाय, डॉक्टरसाहेब. माही जुनी,” एवढेच ते बोलले.

ती टोपी आजवर हललेली नाही. मालतीबाई मात्र यादवराव दिसताच विचारतात, “काय भाऊ, हात सुधारला का?” आणि ते हसून उत्तर देतात, “शिकून राहिलो, बाई!”

इतरांच्या लेखनातील ऱ्हस्वदीर्घ मी आयुष्यभर लाल शाईने दुरुस्त करीत आलो. ही एक दुरुस्ती तेवढी राहून गेली. मालतीबाई, चूक माझी होती. यापुढील टोमणे कृपया माझ्याकडे पाठवावेत.

यादवरावांना निरामय शतायुष्य लाभो. शंभराव्या वर्षीही त्यांनी स्वतःच्या दातांनी फुटाणे खावेत. एखादी टोपी लागलीच, तर ती मी बसवीन. आतून घासणार नाही.